ध्रुवावरचे कण, खान्देशातला लॅपटॉप: डेटावरून मॉडेल बांधणाऱ्या नवशिक्यांसाठी

मे महिन्यात धुळ्या-जळगावकडे गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया संध्याकाळी उचलल्या, की प्लास्टिकच्या कागदावर तपकिरी थर उरतो. बोटाने पुसून बघा. त्यात शेतातली माती असते, बांधावर जाळलेल्या पऱ्हाटीची काजळी असते, जिनिंगच्या आसपास घर असेल तर रुईचे तंतूही असतात. शिंदखेड्याकडचे आमचे आजोबा असा थर दिसला की एवढंच विचारायचे, "वारा कथाईन उना?" म्हणजे वारा कुठून आला. या लेखातलं सगळं गणित त्याच प्रश्नाभोवती फिरणार आहे. फक्त ठिकाण आहे कॅनडाच्या उत्तर टोकाचं अलर्ट, ८२.५ अंश उत्तर अक्षांशावर.

ज्यांना पायथन थोडंफार येतं, बीएस्सी-एमएस्सीचं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा संगणकशास्त्र झालंय आणि "हवामानात मशीन लर्निंग करायचंय, पण सुरुवात कुठून करू" असं जे विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. बर्फ बघितलेला असणं गरजेचं नाही. मीही तोरणमाळच्या दवापलीकडे फारसं काही बघितलेलं नाही.

पायरी १: प्रश्न लहान करा

हवेत तरंगणाऱ्या घन किंवा द्रव बारीक कणांना एरोसॉल म्हणतात. ध्रुवांवर निसर्गातून येणारे कण अनेक प्रकारचे असतात. लाटा फुटून उडणारं समुद्री मीठ, बर्फावरून वाऱ्याने उडणारा खारट हिमकण, हिमनदी वितळून उघड्या पडलेल्या मैदानांतली धूळ, जंगलांच्या वणव्यांचा धूर, समुद्राच्या पृष्ठावरचे जैविक कण, आणि प्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी) सोडलेल्या वायूपासून हवेतच तयार होणारे कण. यातलं सगळं एकाच मॉडेलमध्ये कोंबायला गेलात तर हाताला काही लागत नाही.

हे कण महत्त्वाचे का, तर ढगाचा प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या कणावर जमतो. आपल्याकडे कणांची कमतरता कधीच नसते. आर्क्टिकच्या उन्हाळ्यात मात्र हवा कधीकधी इतकी स्वच्छ असते, की एका घन सेंटीमीटरमध्ये ढगाला उपयोगी पडतील असे कण दहाच्याही खाली जातात. अशा हवेत थोडे कण वाढले तरी ढगाचा पोत बदलतो, आणि ढग बदलला की खालच्या बर्फावर पडणारी उष्णता बदलते. १९७९ नंतर आर्क्टिक पृथ्वीच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापलं आहे. बर्फ हटतोय, समुद्र उघडा पडतोय, म्हणजे कणांचे उगमही बदलताहेत. दुसरीकडे युरोप-रशियाच्या धुराड्यांतून येणारं गंधकाचं प्रदूषण १९८० च्या दशकापासून बरंच उतरलं. त्यामुळे निसर्गाचा वाटा आता आधीपेक्षा जास्त डोळ्यात भरतो.

नवशिक्याने मिथेनसल्फोनिक आम्ल निवडावं असं माझं ठाम मत आहे. पुढे त्याला एमएसए म्हणतो. समुद्रातले वनस्पती-प्लवक डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सोडतात, समुद्राच्या वासात त्याचाही हात असतो. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल आणि एमएसए बनतं. सल्फ्युरिक आम्ल कणांत सल्फेट म्हणून मोजलं जातं, पण सल्फेट कारखान्यातूनही येतं, ज्वालामुखीतूनही येतं, त्यामुळे त्याचा बाप ठरवता येत नाही. एमएसएचा उगम मात्र व्यवहारात एकच, समुद्रातला जीव. हिवाळ्याच्या अंधारात ते जवळजवळ शून्यावर जातं आणि वसंतात सूर्य परतला की चढतं. इतका स्वच्छ ठसा क्वचितच मिळतो.

मग प्रश्न असा मांडा: "अलर्टला या आठवड्यात एमएसए किती असेल, हे हवेच्या गेल्या काही दिवसांच्या प्रवासावरून सांगता येईल का, आणि त्या प्रवासातली कुठली गोष्ट जास्त बोलते?" एवढाच. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण तिसऱ्या आठवड्यात तुम्ही तो विसरणार आहात.

भौतिक-रासायनिक समीकरणांची मॉडेलं असताना डेटावर चालणारं मॉडेल कशाला, असं कोणी विचारेल. कारण ही साखळी लांब आहे. प्लवक किती, त्यांनी वायू किती सोडला, वाऱ्याने तो समुद्रातून किती उचलला, थंडीत कुठली अभिक्रिया वरचढ ठरली, पावसाने किती धुतलं. प्रत्येक कडीत अंदाज आहे, म्हणून वेगवेगळी मॉडेलं वेगवेगळी उत्तरं देतात. मोजमापांकडूनच नातं शिकून घ्यायचं, हा दुसरा रस्ता.

पायरी २: मोजमापं मिळवा

कणांची मापं तुम्ही घेणार नाही. ती दुसऱ्या कोणीतरी हातमोजे गोठवून घेतलेली आहेत. अलर्टला १९८० पासून हवा गाळून कण अडवणारा साधारण आठवड्याला एक फिल्टर, असं काम चालत आलं आहे. अलास्कातल्या उतकियाग्विकला, म्हणजे जुन्या बॅरोला, आणि स्वालबार्डच्या नी-ऑलेसुंडलाही मापं होतात. आपलं हिमाद्री केंद्र २००८ पासून नी-ऑलेसुंडलाच आहे, ते गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालवलं जातं.

युरोप आणि आर्क्टिकमधल्या बऱ्याच ठाण्यांची मापं ईबॅस नावाच्या साठ्यात मिळतात, तो नॉर्वेची निलू ही संस्था सांभाळते. अलर्टसाठी कॅनडा सरकारचं खुलं डेटा पोर्टलही धुंडाळा. उतरवताना ठाण्याची माहिती, फिल्टरचा प्रकार आणि एकक लगेच लिहून घ्या. एमएसए नॅनोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये असतं, समुद्री मीठ बहुधा मायक्रोग्रॅममध्ये. एका शब्दाच्या चुकीने हजारपटीचा घोळ होतो. काही फायलींत आयनाचं वजन असतं, काहींत फक्त त्यातल्या गंधकाचं. हेही बघा.

आणि ज्यांनी मोजलं त्यांचं श्रेय लिहायचं. काही छापणार असाल तर आधी त्यांना मेल टाका, बहुतेकजण आनंदाने उत्तर देतात.

पायरी ३: नऊच्या आकड्यांना घाबरा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया गेला. ईबॅसच्या फायलींत जिथे माप नाही तिथे मोकळी जागा नसते, ९९९.९९ सारखी नऊंची रांग असते. पहिल्यांदा मी फाइल सरळ पांडाजमध्ये ओढली, सरासरी काढली, आणि उन्हाळ्यात एमएसए प्रचंड वाढतंय असा शोध लागल्याच्या आनंदात मित्राला फोन केला. तो म्हणाला, "भो, आधी आलेख काढ." आलेखात एका सरळ रेषेत नऊच नऊ बसले होते.

म्हणून क्रम असा. आधी फाइलचा माथा वाचा, त्यात गहाळ मूल्याची खूण कुठली ते लिहिलेलं असतं. मग प्रत्येक नमुन्याशेजारचे गुणवत्ता-संकेत वाचा, यंत्र बिघडलं, स्थानिक प्रदूषण शिरलं, माप ओळखमर्यादेखाली (म्हणजे ओळखता येईल त्याहून कमी) आहे असं ते सांगतात. मर्यादेखालची मापं फेकायची नाहीत, हिवाळ्यात बहुतेक मापं तशीच असतात आणि "काहीच नव्हतं" हीसुद्धा माहितीच आहे. ती वेगळ्या स्तंभात खूण करून ठेवा.

वेळेचं दुखणं वेगळंच. या फायलींत वेळ बहुधा ठरावीक तारखेपासूनचे दिवस अशी दशांशात असते, आणि ती जागतिक वेळ असते, भारतीय नाही. प्रत्येक फिल्टरला सुरुवात आणि शेवट असे दोन काळ असतात. आठवड्याचा फिल्टर म्हणजे सात दिवसांची हवा एकत्र गाळलेली. त्याला मधल्या दिवसाची एकच तारीख चिकटवलीत तर पुढचं सगळं वाकडं जाईल.

पायरी ४: वारा कथाईन उना?

तापीला पूर कधी येतो, हे भुसावळच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. डोक्यावर आभाळ कोरडं ठणठणीत असतं आणि हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी येते. पाऊस पडलेला असतो तिकडे मुलताईला, बैतूलच्या डोंगरात, किंवा पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती-अकोल्याकडे. चांगदेवला पूर्णा तापीत मिसळते आणि मग ते पाणी आपल्याकडे पोचतं. पुराचा अंदाज करायचा तर भुसावळचा पाऊस मोजून काय उपयोग?

अलर्टच्या हवेचं अगदी तेच आहे. फिल्टरवर बसलेलं एमएसए अलर्टच्या आसपास बनलेलंच नसतं, तिथे वर्षाचा मोठा भाग समुद्र बर्फाखाली असतो. ते बनलं असेल काही दिवसांपूर्वी शेकडो किलोमीटर दूर, बर्फाच्या कडेला, उघड्या पाण्यावर. नवशिक्यांची सर्रास होणारी चूक म्हणजे ठाण्यावरचं तापमान, ठाण्यावरचा वारा आणि ठाण्यावरचा दाब मॉडेलला देणं. मॉडेल काहीतरी शिकतं, पण ते भुसावळचं आभाळ बघून तापीचा पूर सांगण्यासारखं.

हवेला उलटं चालवायला हायस्प्लिट नावाचं मॉडेल आहे. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं, मोफत, वेबवरही चालतं आणि लॅपटॉपवरही बसवता येतं. ठाण्याचं स्थान, उंची आणि वेळ द्यायची, ते वाऱ्याच्या नोंदी उलट्या वाचत जातं आणि हवा दर तासाला कुठे होती ते सांगतं. सुरुवातीला सात दिवस मागे जा. आठवड्याच्या एका फिल्टरसाठी दर सहा तासांनी एक मार्ग, म्हणजे अठ्ठावीस मार्ग. हे एकेक करून वेबवर करायचं नाही, पायथनमधून लूप लावायचा.

हायस्प्लिटचा एक फायदा कमी नेटवाल्यांनी घ्यावा. मार्गाच्या प्रत्येक बिंदूला पाऊस, सूर्यप्रकाश आणि मिश्रथराची (पृष्ठालगतच्या, वरखाली घुसळल्या जाणाऱ्या हवेच्या थराची) उंची ते सोबतच छापून देऊ शकतं. त्यामुळे पहिल्या फेरीला हवामानाच्या अवजड फायली वेगळ्या उतरवाव्या लागत नाहीत. नंतर जमलं तर युरोपच्या कोपर्निकस साठ्यातून ईआरए५ घ्या, मोजमापं आणि हवामान-मॉडेल जुळवून केलेली, दर तासाची, १९४० पासूनची नोंद आहे. मागणी करताना फक्त ६० अंशांच्या वरचा भाग आणि हवे तेवढेच घटक मागा, आणि ते रात्री लावून झोपा.

मार्ग हा अंदाज असतो, हे विसरू नका. कापलेल्या अंतराच्या १५ ते ३० टक्के चूक नेहमीची मानतात. म्हणून एका मार्गावर कधी भरवसा ठेवायचा नाही, अठ्ठावीसांचा गुच्छ बघायचा.

आता एक खास ध्रुवीय खड्डा. ध्रुवाजवळ रेखांशांची सरासरी काढू नका. ३५९ आणि १ यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे तुमची हवा ध्रुवाच्या पलीकडे फेकली जाते. बिंदू आधी ध्रुवीय नकाशाच्या क्ष-य निर्देशांकांत बदला. हवा पाण्यावर होती की बर्फावर हे जिच्यावरून ठरवायचं, ती उपग्रहाची समुद्रबर्फाची जाळीसुद्धा अक्षांश-रेखांशात नसते, ती ध्रुवीय प्रक्षेपात असते. इथे दोन दिवस गेले तरी वाईट वाटून घेऊ नका.

पायरी ५: मार्गाचा हिशोब एका ओळीत आणा

प्रत्येक फिल्टरची एक ओळ करायची आणि त्यात त्या आठवड्यातल्या हवेचा प्रवास मोजक्या आकड्यांत मांडायचा. मी हे घेतो: उघड्या पाण्यावर घालवलेले तास, समुद्रबर्फावरचे तास, जमिनीवरचे तास, वाटेत मिळालेला सूर्यप्रकाश, वाटेत पडलेला एकूण पाऊस, पाण्यावर असतानाचा वाऱ्याचा वेग, सरासरी तापमान, आणि पाण्यातलं हरितद्रव्य, ज्यावरून वनस्पती-प्लवक किती याचा अंदाज येतो. पाण्यावरचे तास मोजताना अट घाला: हवा मिश्रथराच्या आत असली तरच तास धरायचा. तीन किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या हवेला खालच्या समुद्राचा वास लागत नाही.

हरितद्रव्य उपग्रहावरून येतं. अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस या यंत्राची नोंद २००२ पासून आहे, म्हणून सरावाला २००३ नंतरची वर्षं घ्या. ध्रुवीय रात्रीत, ढगाखाली आणि बर्फाखाली त्याला काही दिसत नाही. रोजच्या चित्राऐवजी आठ दिवसांचं किंवा महिन्याचं एकत्रित चित्र घ्या, आणि किती भाग दिसला हा आकडा वेगळ्या स्तंभात ठेवा.

हे सगळं झाल्यावर तुमच्याकडे हजाराच्या आत-बाहेर ओळी असतील. एवढ्यावर खोल न्यूरल जाळं लावायची हौस करू नका. चार एकर कापसाला कोणी हार्वेस्टर आणत नाही.

पायरी ६: आधी साधा अंदाज, मग मॉडेल

मे महिन्यात जळगावला ऊन तापेल हे सांगायला मॉडेल लागत नाही. तसंच जुलैत एमएसए जानेवारीपेक्षा जास्त असेल हे सांगायलाही लागत नाही. म्हणून पहिला प्रतिस्पर्धी ठरवा: त्या-त्या महिन्याची आधीच्या वर्षांची सरासरी. तुमचं मॉडेल तिला हरवत नसेल तर त्याने ऋतू पाठ केलाय, बाकी काही नाही.

मग रँडम फॉरेस्ट लावा, म्हणजे अनेक निर्णय-झाडांच्या अंदाजांची सरासरी. पायथनच्या सायकिट-लर्नमध्ये चार ओळींचं काम आहे. एमएसएची मापं काही पटींत बदलतात, म्हणून आधी लॉग घ्या. रँडम फॉरेस्ट स्थिर झालं की एक्सजीबूस्ट हे झाडांचंच दुसरं मॉडेल बघा, पण त्याच्या कळा फिरवण्यात आठवडे घालवू नका. मार्गाच्या हिशोबातली एक चूक सुधारली की त्याहून जास्त फरक पडतो.

पायरी ७: परीक्षा वर्षावार घ्या

बारा मेचं जळगावचं तापमान अकरा आणि तेरा मेच्या आकड्यांवरून कोणीही सांगेल. डेटा पत्त्यांसारखा पिसून ऐंशी-वीस विभागला की नेमकं हेच होतं, परीक्षेतल्या आठवड्याचे शेजारी शिकवणीत बसलेले असतात. माझ्या मॉडेलचाही गुण, म्हणजे अंदाज मापांशी किती जुळतो तो आकडा, असाच एकदम झकास आला होता. वर्षावार परीक्षा घेतल्यावर तो घसरला आणि उन्हाळा वेगळा काढल्यावर आणखी घसरला. तो खाली आलेला आकडाच खरा होता.

तर एक वर्ष पूर्ण बाजूला ठेवा, बाकीच्यांवर शिकवा, त्या वर्षावर तपासा. मग दुसरं वर्ष. महिन्याची सरासरी काढतानाही ते वर्ष वगळायचं. एप्रिल ते सप्टेंबरचा गुण स्वतंत्र लिहा.

पायरी ८: मॉडेलला कारण विचारा, पण सावधपणे

यासाठी शॅप नावाचं साधन वापरतात. त्याच्या मुळाशी लॉइड शॅप्ली यांची १९५३ ची कल्पना आहे: एकत्र मिळवलेल्या कमाईत प्रत्येकाचा न्याय्य वाटा किती. तिघा भावांची एकत्र शेती, एकाची विहीर, एकाचे बैल, एकाची मेहनत. उत्पन्न कोणामुळे? शॅप प्रत्येक अंदाजासाठी असा वाटा काढून देतं.

भानगड अशी, की उन्हाळ्यात सूर्यप्रकाश, तापमान, उघडं पाणी आणि हरितद्रव्य सगळेच एकदम वाढतात. तिघं भाऊ रोज एकत्रच राबत असतील तर कोणाचं काम किती हे गावालाही सांगता येत नाही. शॅप आकडा देईल, कारण आकडा देणं हे त्याचं काम आहे. एक स्तंभ काढून टाकून मॉडेल पुन्हा चालवा, गुण जागचा हलला नाही तर त्या घटकाचं मोठेपण उसनं होतं.

दिशाही तपासा. वाटेत पाऊस वाढला तर एमएसए कमी व्हायला हवं, कारण पाऊस कण धुतो. उघड्या पाण्यावरचे तास वाढले तर वाढायला हवं. उलटं दिसलं तर नवा शोध लागला असं समजण्याआधी पायरी ३ आणि ४ पुन्हा बघा. माझ्या बाबतीत दर वेळी चूक तिथेच निघाली.

भविष्य सांगण्याचा मोह मात्र आवरा. झाडांवर आधारलेली मॉडेलं शिकलेल्या पल्ल्याबाहेर जात नाहीत. ज्याने ४४ अंशांपर्यंतच बघितलंय ते ४७ कधी म्हणणार नाही. बर्फच उरला नाही अशा आर्क्टिकबद्दल तुमच्या रँडम फॉरेस्टला विचारलंत, तर ते शांतपणे आजवरचा सगळ्यात उघडा उन्हाळा काढून दाखवेल.

पायरी ९: दक्षिणेला जाऊन बघा

अलर्टचं जमलं की तोच कोड अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या ठाण्यावर चालवा. जर्मनीच्या नॉयमायरला लांब नोंद आहे. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रंही तिकडेच, १९८९ आणि २०१२ पासूनची.

तिथे सल्फेट हाताळणार असाल तर आधी समुद्री मिठातलं सल्फेट वजा करावं लागतं. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या ०.२५ पट सल्फेट असतं, म्हणून सोडियमला ०.२५ ने गुणून वजा करतात. उन्हाळ्यात हिशोब नीट जमतो. हिवाळ्यात मात्र उत्तर शून्याखाली येतं आणि नवशिका ते चूक समजून शून्य करून टाकतो. तसं करू नका. समुद्र गोठताना उणे साडेसहा अंशांच्या आसपास खाऱ्या पाण्यातून मिराबिलाइट नावाचं सल्फेटचं मीठ वेगळं पडतं. त्यामुळे बर्फावरून उडालेल्या मिठात सल्फेट मुळातच कमी असतं आणि आपण जास्त वजा करतो. तो उणे आकडा सांगतो, की हे मीठ फुटणाऱ्या लाटांचं नाही, गोठलेल्या समुद्रावरचं आहे. त्या ओळींना वेगळा रंग द्या आणि त्यांचे मार्ग नकाशावर काढून बघा.